मदत हवी आहे: ऊसतोड कामगारांच्या ‘कोपी’साठी ‘हॉवेल’ चालेल का?

बीडकडच्या ऊसतोड कामगारांवरच्या एका मराठी अहवालाचं इंग्रजी करतोय. दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन कारखान्यावर गेलेली जोडपी हंगामभर ज्या कोपीत राहतात, तिथंच गाडी अडलीय. बांबू, तट्ट्या, पाचट, वरून ताडपत्री; आत वाकूनच जावं लागतं. हंगाम संपला की मोडायची.

‘स्लम’ बाद, कारण तो अख्ख्या वस्तीसाठी, शिवाय पक्क्या पण मोडकळीला आलेल्या चाळींनाही लागतो. ‘टेनेमेंट’ म्हणजे भाड्याच्या खोल्यांची इमारत. ‘हट’ लिहिलं तर वाचणाऱ्याला डोंगरातलं सुट्टीचं घरच दिसायचं. उरले ‘शॅक’, ‘शँटी’ आणि ‘हॉवेल’.

शब्दकोश पाहून झालेत. ‘हॉवेल’ म्हणजे लहान, कळकट, राहण्यालायक नसलेलं घर. अर्थ बराचसा जुळतो, पण मला त्यात हेटाळणीचा वास येतो. कोपी बाया रोज झाडून-सारवून ठेवतात. घाण असते ती आजूबाजूला, पाण्या-संडासाची सोय नसल्यानं. तो दोष घरावर, म्हणजे पर्यायानं माणसांवर जाऊ नये.

‘कोपी’ तसंच ठेवून तळटीप द्या, असं कृपया सुचवू नका. मजकुरात ते केलंच आहे, पण तक्त्याच्या मथळ्यात एकच इंग्रजी शब्द हवाय. वाचक बहुतेक परदेशी.

रोज इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी सांगावं: आजच्या अहवालात ‘हॉवेल’ अपमानकारक वाटतो का? आणि ‘शँटी’ एकट्या, तात्पुरत्या खोपटासाठी चालतो, की वाचताना लगेच शहराकाठची झोपडपट्टीच डोळ्यासमोर येते?