मदत हवी आहे: स्लीव्ह सर्जरीनंतर भूक परत का लागते?

मंडळी, माझ्या ताईची स्लीव्ह सर्जरी (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकतात ती) होऊन १४ महिने झाले. पहिले सहा महिने तिला भुकेची आठवणच नसायची. वाटीभर वरण संपवायला अर्धा तास लागायचा. ३१ किलो उतरले. आता दोन महिन्यांपासून ऑफिस सुटलं की पोटात खड्डा पडतो, दादर स्टेशनबाहेर वडे तळल्याचा वास आला की पाय अडखळतात म्हणते. अडीच किलो परत वाढलेत. रात्री वजनकाट्यावर उभी राहून रडते, मला बघवत नाही.

घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि सर्जरीत तोच भाग काढतात, एवढं डॉक्टरांनी समजावलं होतं. शिवाय अन्न आतड्यात लवकर उतरतं, म्हणून पोट भरल्याचा निरोप देणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही हार्मोन्स वाढतात. मग ही भूक कुठून आली? मला तरी हा तिच्या मनाचा कमकुवतपणा वाटत नाही.

कोणाला वर्षभरानंतर असं झालंय का? जेवणात आधी प्रथिनं खाऊन फरक पडला का? परळ-दादरकडे अशा रुग्णांना नीट वेळ देणारे आहारतज्ज्ञ माहीत असतील तर कृपया सांगा. तीन आठवड्यांनी तपासणी आहे, तेव्हा डॉक्टरांना नेमकं काय विचारू?