‘ऋण प्रबलन’ म्हणजे शिक्षा का?

मानसशास्त्रावरचं एक भाषांतर तपासतोय. त्यात ‘ऋण प्रबलन, म्हणजेच शिक्षा’ असं लिहिलंय. मला खटकलं, पण नेमकं काय चुकलं ते सांगता येईना. ‘ऋण’ म्हटलं की कर्ज नाहीतर तोटाच आठवतो.

*

शिक्षा अजिबात नव्हे. ज्यानं एखादी वागणूक बळावते ते प्रबलन. ‘ऋण’ इथे गणितातलं आहे, वजाबाकीचं. गाडीत पट्टा लावला नाही की टूंटूं सुरू होतं, लावला की थांबतं. नकोसा आवाज वजा झाला आणि पट्टा लावायची सवय बळावली. शिक्षेनं वागणूक कमी होते, फरक तिथे आहे.

*

शिक्षेतही धन-ऋण असतंच. मुलावर ओरडलो, म्हणजे नकोसं काही वाट्याला घातलं, तर धन शिक्षा; त्याचा मोबाइल, म्हणजे हवंसं काही, काढून घेतला तर ऋण. गंमत म्हणजे ‘धन शिक्षा’ ऐकलं की दंडाची पावती डोळ्यांसमोर येते आणि दंड तर ऋण शिक्षेत मोडतो!

*

घरातलंच उदाहरण घ्या. पोरगं दुकानात भोकाड पसरतं, आपण वैतागून खेळणं हातात देतो. त्याच्या रडण्याला धन प्रबलन मिळालं. आणि रडं थांबलं म्हणून आपल्या नमतं घेण्याला ऋण प्रबलन. कोण कोणाला शिकवतंय बघा. पुढे एक दिवस ठरवून दिलं नाही, तर रडणं आधी वाढतं, मग हळूहळू ओसरतं. ओसरण्याला ‘विलोपन’ म्हणतात. बहुतेक आईबाप त्या वाढलेल्या रडण्यापाशीच हार मानतात. अधूनमधून मिळणाऱ्या प्रबलनानं तर सवय जास्तच चिवट होते.

*

माझं भांडण ‘साधक अभिसंधान’शी आहे, म्हणजे प्रबलन आणि शिक्षा ज्यात येतात त्या शिकण्याच्या प्रकाराच्या नावाशी (इंग्रजीत ‘ऑपरंट कंडिशनिंग’). साधक म्हटल्यावर ध्यानाला बसलेला माणूस दिसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरनं १९३८च्या पुस्तकात ‘ऑपरंट’ म्हटलं ते परिसरावर काहीतरी परिणाम घडवणाऱ्या वागणुकीला. कृतीनं काही साधतं, म्हणून साधक, एवढाच अर्थ. ‘परिणामातून शिकणं’ म्हटलं तर काय बिघडतं?

*

पाठ्यपुस्तकात रुळलेला शब्द आता हलणं कठीण. शिवाय ‘परिणामातून शिकणं’चं विशेषण कसं करणार?

*

आभार. ‘म्हणजेच शिक्षा’ खोडलं. ‘ऋण’ ठेवतोय, पहिल्यांदा येतो तिथे ‘नकोसं काही टळल्यानं मिळणारं बळ’ अशी फोड दिली. पट्ट्याचं उदाहरणही घेतलंय.