लिसा फर्नांडिस हेड कोच व्हायला हवी होती का?

रानवारा:
अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉल बघणारे आपल्यात थोडेच, तरी लिहितेच. लिसा फर्नांडिस, यूसीएलएची (लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी) पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, १९९० ते ९३. चार वर्षांत ९३ मॅच जिंकल्या, हरल्या फक्त ७. दर सात इनिंगमागे (मॅच सातचीच असते) तिच्यावर सरासरी ०.२२ रन! १९९० आणि ९२ ला टीम नॅशनल चॅम्पियन, १९९१ आणि ९३ ला फायनलला हार. १९९३ ला बॅटिंगमध्ये पण देशात पहिली, .५१० ॲव्हरेज, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा हिट. मग अटलांटा, सिडनी, अथेन्स, तिन्ही ऑलिंपिकला गोल्ड. अशी बाई आपल्याच कॉलेजात कोच म्हणून परत येते आणि इतकी वर्षं दुसऱ्या नंबरवर राहते. २००७ पासून हेड कोच आहे केली इनोए-पेरेझ, जी खेळताना लिसाचीच कॅचर (विकेटकीपरसारखी) होती. केलीबद्दल तक्रार नाही, पण माझ्या मते लिसाला स्वतःची टीम मिळायलाच हवी होती, यूसीएलएत नाही तर दुसरीकडे.

आडवाट:
अजिबात पटलं नाही. तिकडे हेड कोचचं निम्मं काम मैदानाबाहेरचं असतं. शाळेतल्या मुली हेरा, त्यांच्या आईवडिलांना भेटा, स्कॉलरशिपचं गणित बसवा, देणगीदारांना सांभाळा. पिचर घडते बुलपेनमध्ये (पिचरांच्या सरावाच्या जागेत), रोज शेजारी उभं राहून. लिसाला तिथेच उभं राहायचं असेल तर आपण तिला दुसरा नंबर का म्हणायचं? खुर्ची मोठी म्हणजे काम मोठं, हे आपल्याच डोक्यातलं आहे.

खडीसाखर:
मी तर म्हणतो मोठा खेळाडू चांगला कोच होतो हे गृहीत धरणंच चूक आहे. आचरेकर सर फर्स्ट क्लास मॅच एकच खेळले आणि घडवलं कुणाला ते सगळ्यांना माहितीये. ज्याला सगळं आपोआप जमतं त्याला शिकणाऱ्याचं अडतं कुठे ते दिसत नाही.

रानवारा:
@खडीसाखर लिसाला आपोआप काहीच जमलं नव्हतं हो. आठव्या वर्षी पहिली मॅच टाकली त्यात २० जणींना बॉल मारला, २० जणींना वॉक दिला (बॉल भलतीकडे टाकून फुकट पहिला बेस) आणि टीम २८-० ने हरली, हे ती स्वतः सांगत आलीये. पुढे लहानपणीच एका पिचिंग कोचने सांगितलं की तुझी अंगकाठी पिचरची नाही. आणि सिडनीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर बाद) काढून, बरोबरीमुळे लांबलेल्या मॅचमध्ये १३ इनिंगनंतर २-१ ने हरली, त्याच स्पर्धेत पुढे गोल्ड घेतलं. अशा पराभवानंतर दुसऱ्या दिवशी काय करायचं हे पोरींना हिच्याइतकं कोण सांगणार?

चेंडूफळी:
मी शाळेत असताना खेळलेय, आमच्याकडे जिचा हात जोरात चालतो ती पिचर, एवढंच कोचिंग, बाकी काही नाही. विंडमिल (हात पूर्ण गोल फिरवून खालून) टाकताना कंबर कधी वळते, मागचा पाय कसा ओढला जातो, राइजबॉलला (वर चढणाऱ्या बॉलला) मनगट कुठल्या कोनात सुटतं, ४३ फुटांवरून हे सगळं क्षणात होतं आणि कोनात जरा फरक पडला की राइजबॉल सपाट येतो आणि थेट बाऊंडरीबाहेर जातो. हे बघू शकणारा डोळा लागतो. तो डोळा प्रवासात आणि मीटिंगमध्ये अडकवायचा म्हणजे पिचरांचं नुकसान. मी आडवाटच्या बाजूने.

खडीसाखर:
मग यूसीएलएची २०१९ ची नॅशनल सेमीफायनल बघा. त्यांच्या रेचल गार्सियाने वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीविरुद्ध लांबलेल्या १० इनिंग एकटीने टाकल्या, १७९ पिच (टाकलेले बॉल), १६ स्ट्राइकआउट, आणि शेवटी स्वतःच तीन रनची होमरन मारून मॅच संपवली. सगळे टाळ्या वाजवत होते, मला भीती वाटत होती. एकीनेच सगळं ओढायचं ही लिसाच्या जमान्यातली पद्धत, ती स्वतः तशी खेळली म्हणून पोरींकडूनही तेच होतंय का?

आडवाट:
त्यानंतर फायनलच्या दोन मॅचमध्ये ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीला १६-३ आणि ५-४ हरवून टायटल घेतलं, ते पण सांगा की. आणि पिच कुणी किती टाकायच्या हा शेवटचा निर्णय हेड कोचचा.

खडीसाखर:
टायटल घेतलं, मान्य. पण त्यानंतर २०२१ ते २४ सलग चार वर्षं ओक्लाहोमा जिंकली. २०२२ ला त्यांच्याकडे बाहल, ट्रॉटवाइन, मे अशी तिघी पिचरांची फळी होती, एक दमली की दुसरी. खेळ तिकडे चाललाय.

रानवारा:
आणि निर्णय हेड कोचचा असतो म्हणता, मी तेच तर म्हणतेय! पिचरचा खांदा किती ताणायचा हे ज्या बाईला स्वतःच्या खांद्यावरून कळतं, शेवटचा शब्द तिचा का नको? फळी उभी करायची तर ती रिक्रूटिंगपासूनच उभी करावी लागते, ते बुलपेनमध्ये उभं राहून होत नाही.

चेंडूफळी:
@रानवारा हा मुद्दा वजनदार आहे. पण मग बुलपेनमध्ये तिच्या जागी कोण उभं राहणार, त्याचं नाव सुचवा.