पिल्सनरला बटरचा वास: ही स्टाइल का दोष? लागर चाखून ठरवायची कशी?

पुणेरी_फेस:
मंडळी, एक विचारायचं होतं. मागच्या आठवड्यात बाणेरच्या एका मायक्रोब्रुअरीत (नाव घेत नाही) पिल्सनर मागवली. रंग छान सोनेरी, फेस पण टिकला, पण पहिल्याच घोटाला थिएटरच्या पॉपकॉर्नवर ओततात तसल्या बटरचा वास आला आणि गिळल्यावर जिभेवर तुळतुळीत थर बसल्यासारखं झालं. वेटरला विचारलं तर म्हणाला, सर क्राफ्ट अशीच असते, फिल्टर करत नाही ना आम्ही. सोबतच्या दोघांना तीच बिअर आवडली, मला अर्ध्यानंतर जाईना. घरी येऊन वाचलं तर कुठेतरी लिहिलंय की चेक पिल्सनरमध्ये थोडं बटर चालतं. मग नक्की काय समजायचं? व्हीट बिअरमध्ये केळं-लवंग, आयपीए या कडवट बिअरमध्ये संत्र्याची साल असं काहीतरी हाताला लागतं, लागरमध्ये (पिल्सनर ही लागरच, म्हणजे गारव्यात हळू आंबवलेली बिअर) शोधायचं तरी काय? मला हे नीट शिकायचंय, जाणकारांनी सविस्तर सांगा प्लीज.

माल्टप्रेमी:
वेटरने सांगितलं ते बरोबर नाही. फिल्टर केली नाही की बिअर जरा गढूळ दिसते, यीस्टची, कच्च्या पिठासारखी चव येते, बटर त्यातून येत नाही. तो वास डायअसेटिलचा, म्हणजे बिअर आंबताना तयार होणाऱ्या एका रसायनाचा. आणि मित्रांना आवडली यात नवल नाही, डायअसेटिल प्रत्येकाच्या नाकाला सारखं लागत नाही, काहींना तर ते अजिबात जाणवत नाही.

आता चाखायचं कसं. लागर म्हणजे गोडं वरण आहे, मसाला नाही, फोडणी नाही, त्यामुळे डाळ जरा जरी लागलेली असेल तरी कळतंच. म्हणून आधी नाक. ग्लास टेबलावर आला की लगेच हुंगा, बोलत बसू नका, कारण काही वास दोन मिनिटांत उडून जातात. गंधकाचा, म्हणजे काडी विझल्यावर येतो तसा हलका वास लागरमध्ये चालतो आणि उडतोही, तो आला म्हणून लगेच नाव ठेवू नका. मग ग्लासवर तळहात धरून जरा फिरवा, परत छोटे छोटे श्वास घ्या. आपल्याकडे बिअर इतकी गार देतात की सगळं झाकलं जातं, म्हणून पाच-दहा मिनिटं थांबा, सात-आठ डिग्रीला आली की खरं काय ते कळतं. चांगल्या पिल्सनरमध्ये माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या सातूचा) ताज्या पावाच्या कडेसारखा वास येतो, थोडा मधासारखा गोडवा असतो आणि वर हॉप्सचा (कडवटपणासाठी घालतात त्या वेलीच्या फुलांचा) फुलांसारखा किंवा हिरव्या मसाल्याचा वास. घोट गिळा, वाइनवाल्यांसारखा थुंकू नका, कडवटपणा मागून येतो आणि तो कसा संपतो त्यावरच सगळं आहे. स्वच्छ तुटायला हवा, घशात खरवडत राहायला नको.

बीजेसीपीच्या (बिअर स्पर्धांच्या परीक्षकांची संस्था) जजिंग शीटवर 50 मार्क असतात: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला फील 5, एकूण परिणाम 10. रूपाला फक्त 3! आपण मात्र रंग आणि फेस बघूनच वा म्हणतो. नाकात अजून काय धरायचं तर उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास (तो डीएमएस नावाच्या गंधकयुक्त पदार्थाचा), हिरव्या सफरचंदाचा (बिअर कच्ची आहे), ओल्या पुठ्ठ्याचा (बिअर जुनी झाली, हवा लागली).

टाकीजवळ:
ब्रुअरीत काम करतो म्हणून आतली बाजू सांगतो. फर्मेंटेशन चालू असताना यीस्ट एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं पुढे डायअसेटिल होतं आणि मग तेच यीस्ट ते परत खाऊन टाकतं. पण लागरचं यीस्ट 10-12 डिग्रीत काम करतं, त्या गारव्यात हे फार हळू होतं. म्हणून शेवटी टाकी दोन-तीन दिवस 16-18 डिग्रीवर आणतात, त्याला डायअसेटिल रेस्ट म्हणतात, आणि मग शून्याजवळ काही आठवडे मुरवत ठेवतात. एल, म्हणजे उबेत लवकर आंबणारी बिअर, दोन आठवड्यांत टाकीबाहेर निघते, लागर नीट केली तर पाच-सहा आठवडे टाकी अडवते. ब्रूपबमध्ये टाक्या मोजक्या आणि शनिवार-रविवारी नळ कोरडा ठेवता येत नाही, मग रेस्टला कात्री लागते आणि बटर सरळ ग्लासात येतं. मला याचा खरंच राग येतो, कारण चुकतो तो वेळ आणि गिऱ्हाइकाला वाटतं क्राफ्ट म्हणजे हेच.

बिअर तयार आहे का बघायची आमची टेस्ट सोपी आहे. टाकीतून दोन ग्लास काढायचे, दोन्हींवर फॉइल लावायची, एक 60-65 डिग्रीच्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचा, दुसरा तसाच. मग दोन्ही सारखे गार करून हुंगायचे. गरम केलेल्यात बटर आलं आणि दुसऱ्यात नाही, तर बिअरमध्ये डायअसेटिलचा कच्चा माल अजून शिल्लक आहे, थांबा. दोन्हीत आलं तरी थांबाच.

अजून एक, बटरसोबत आंबटपणा असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा नळापर्यंतच्या पाइपमध्ये बॅक्टेरिया बसलेले असण्याची शक्यता जास्त. त्या लाइन साधारण दर दोन आठवड्यांनी कॉस्टिक सोड्याने धुवायला हव्यात. पुणेरी_फेस, तुमच्या ग्लासात आंबट होतं का?

इसारकाठ:
म्युनिकहून लिहितोय. चेकवाल्या मुद्द्याबद्दल. 1842 साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनमध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने पहिली सोनेरी पिल्सनर केली, तिथलं पाणी एकदम मृदू, हॉप्स झातेत्स या चेक गावाकडचे. आजही तिथल्याच पिल्सनर उर्केल या बिअरमध्ये बटरची हलकी छटा असते आणि चेक स्टाइलमध्ये ती चालते. पण हलकी म्हणजे किती, तर माल्टचा गोडवा जरा गोल वाटतो, बटर असं वेगळं नाव घ्यावं लागत नाही. प्लझेनच्या तळघरात लाकडी पिंपातून अनफिल्टर्ड देतात ती प्यायलोय, त्यातही माल्ट आणि कडवटपणाच पुढे होते. जर्मन पिल्समध्ये मात्र बटर हा सरळ दोष, तशीच इथली हेलेस ही फिकट सोनेरी लागर, जी म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीने 1894 मध्ये आणली. तिच्यात कडवटपणा कमी, मग तर लपायला जागाच नाही. म्हणून मेनूवर नुसतं पिल्सनर लिहिलं असेल तर आधी विचारा, चेक का जर्मन. उत्तर देता आलं नाही तरी बरंच कळतं.

पुणेरी_फेस:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. टाकीजवळ, आंबट अजिबात नव्हतं, नुसतं बटर आणि तो थर. म्हणजे घाईचीच केस दिसते. आता अशा वेळी ग्लास परत करणं बरोबर आहे का? वाद नको वाटतो.

टाकीजवळ:
बिनधास्त करा, फक्त वेटरऐवजी ब्रुअर आहे का विचारा, असेल तर शांतपणे सांगा की डायअसेटिल लागतंय. चांगला ब्रुअर स्वतः येऊन चाखतो. आणि पुढच्या वेळी पूर्ण ग्लास मागवायच्या आधी छोटं सॅम्पल मागा, बहुतेक ठिकाणी देतात. ते हातात धरून जरा कोमट होऊ द्या, मग हुंगा.