नवे हेडफोन ऐकण्याआधी शंभर तास वाजवून ठेवावेत का?

धागाकर्ता, कुडाळ:
गेल्या आठवड्यात हेडफोन घेतले तेव्हा दुकानदाराने बजावले, की पहिले शंभर तास त्यांवर पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा सलग आवाज, सोडून ठेवावा आणि मगच गाणी ऐकावीत. मला हे पटते. नव्या पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचा पडदा, वाजवून वाजवूनच बसते, तसा हेडफोनचा पडदाही मोकळा होत असणार. डबलबारी भजनात पहिल्या दिवशी पखवाजाची धूम, म्हणजे खर्जातला घुमारा, कोंडल्यासारखी येत होती आणि झांज टोचत होती. साठ तासांनंतर धूम भरीव झाली आहे.

प्रतिसाद, मालवण:
पखवाजाचा दाखला इथे लागू होत नाही. पुडी चामड्याची असते, वादीने, म्हणजे चामड्याच्या पट्टीने, ताणलेली असते आणि आपल्याकडची दमट हवा शोषून उतरतेही. हेडफोनचा पडदा बहुधा पातळ प्लास्टिकचा असतो. मोठ्या स्पीकरच्या शंकूला धरून ठेवणारे कापडी कडे वापराने खरोखर सैल होते, पण बहुतेक हेडफोनांत तसे वेगळे कडे नसतेच. खरी बदलते ती कानावरची गादी. अंगाच्या उबेने ती जबड्याच्या आकाराला बसते, फट बुजते आणि खर्ज बाहेर निसटत नाही. आपण चष्मा लावत असाल, तर काडीपाशी गादी बोटाने हलकेच दाबून पाहा. धूम त्याच क्षणी भरून येईल.

प्रतिसाद, रत्नागिरी:
तरीही वापरापूर्वीच्या आणि नंतरच्या मोजमापांत थोडा फरक आढळतो, तो नाकारू नये. कानांना जाणवते ते सगळेच भ्रम कसे म्हणावे?

प्रतिसाद, मालवण:
फरक आढळतो, मान्य. परंतु हेडफोन काढून पुन्हा घालताना ते काही मिलिमीटर सरकले, तरी त्याहून मोठा फरक पडतो. शिवाय स्वराची बारीक छटा आपल्या स्मरणात काही सेकंदच ताजी राहते, मग साठ तासांपूर्वीच्या आवाजाशी तुलना कशी करायची? माझा आग्रह आहे तो स्वतःच्या नुकसानीमुळे. माझ्या जोडीची डावी बाजू पहिल्याच दिवशी मंद होती. 'वाजवा, सुधारेल' या सल्ल्यावर विसंबून मी थांबलो आणि परत करण्याची मुदत उलटून गेली.

धागाकर्ता, कुडाळ:
चष्मा आहे. गादी दाबून पाहिली आणि धूम भरली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. झांजेबद्दल मात्र माझे मत अजून कायम आहे. मुदत शनिवारी संपते. दोन्ही बाजू आज रात्रीच एकेक करून तपासतो.