ईश्वराशिवाय नीतीचा समाज उभा राहतो का?

प्रश्न (जिंतूर, जि. परभणी): आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत कोणाचे काय काम हे ठरलेले असते. वीणा खाली ठेवायची नाही म्हणून रात्री दोन वाजताच्या पहाऱ्यालाही कोणीतरी उठतोच. माळ घातल्यावर दारू कायमची सुटलेली माणसे मी पाहिली आहेत. मी ईश्वर मानत नाही, परंतु केवळ विवेक आणि माणुसकी यांच्या आधारावर अशी बांधिलकी निर्माण होऊ शकते का, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर १ (अंबाजोगाई): होऊ शकते, मात्र भाषणांनी नव्हे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटजीविना लग्नही लावून दाखवले. लग्न, मृत्यू अशा प्रसंगी माणसाला चार माणसे आणि एक रीत लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये निघालेल्या पुस्तकाच्या नावातही ‘सत्यधर्म’ आहे. आपले आजचे विवेकवादी मात्र व्याख्यानमालेपाशी थांबतात.

उत्तर २ (नांदेड): प्रश्नकर्त्यांनी सप्ताहाचे वर्णन फार गोड केले आहे. त्या पंगतीत कोणी वाढायचे आणि कोणी कुठे बसायचे, हे अनेक गावांत कालपरवापर्यंत जातच ठरवत होती, तेव्हा तो समाज नीतीचा खरा, पण कोणापुरता? डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्म स्वीकारला, तेव्हा ईश्वर आणि अवतार नाकारून समता, चोरी न करणे, मद्य न पिणे अशा बावीस प्रतिज्ञा दिल्या. मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांतील विहारांत आजही पंचशील म्हटले जाते. ईश्वर वगळूनही हे टिकले. त्याला धर्म म्हणायचे की मानवतावाद, हा वाद मला दुय्यम वाटतो.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर): नॉर्वेत मानवतावाद्यांची संघटना १९५६ पासून आहे. चर्चमधील दृढीकरणाऐवजी (किशोरवयात आपली ख्रिस्ती श्रद्धा जाहीरपणे पक्की करण्याचा विधी) ती किशोरवयीन मुलांसाठी नीतिविचारांचा वर्ग आणि समारंभ घेते, शिवाय नामकरण, विवाह व अंत्यविधीही करते. तिथे सरकार धर्मसंस्थांप्रमाणेच अशा संघटनेलाही सदस्यसंख्येनुसार अनुदान देते, ही बाब विसरू नये. आपल्याकडे सप्ताह लोकवर्गणीवर चालतो, आणि वर्गणी न देणाऱ्याकडे गाव कसे पाहते हेही आपण जाणतोच. बांधिलकीत थोडा धाक असतोच; विवेकवाद्याला तो धाक नको असतो, म्हणून त्याची सभा दुसऱ्या वर्षी ओस पडते. माझी शंका मात्र आणखी साधी आहे: दहावा-तेरावा न करणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरी मृत्यूनंतर पहिले आठ दिवस डबा कोण पोहोचवतो? माझ्या पाहण्यात ते काम बहुधा भजनी मंडळातले शेजारीच करतात.