एकट्याने वेब डेव्हलपमेंट: काम आहे, पण हुरूप टिकत नाही

तानपुरा
पुण्यातली नोकरी सोडून मिरजेला परत आलो आणि आता एकट्याने वेबसाइट्स करून देतो. वर्डप्रेस, वूकॉमर्स, थोडंफार लारावेल, ही सगळी साइट बनवायची साधनं. गिऱ्हाइकांचा तुटवडा नाही. मिरजेत दवाखाने भरपूर, तासगावचे बेदाणेवाले आहेत, सतारमेकर गल्लीतल्या एका वाद्यवाल्यांचंही काम घेतलंय. अडचण माझीच आहे. सकाळी लॅपटॉप उघडतो आणि काम सोडून बाकी सगळं करतो. एडिटरची थीम बदलतो. स्वतःच्या पोर्टफोलिओचा फॉन्ट बदलतो, जी साइट माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. तेवढ्यात आई म्हणते, "घरीच आहेस तर गॅसवाला येईल, तेवढं बघ." संपला दिवस.

सुरुवातीला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचो, कोणी सांगावं लागत नव्हतं. आता चार कामं नव्वद टक्क्यांवर येऊन पडलीत आणि एकही हातावेगळं होत नाही. 'पहाटे पाचला उठा, गार पाण्याने आंघोळ करा' छापाचे सल्ले नकोत प्लीज. जे खरंच एकट्याने करतात त्यांनी सांगा.

पेठेतला_पोरगा
घराबाहेर बसा. मी अभ्यासिकेत बसतो. भाडं कोवर्किंगच्या मानाने काहीच नाही. फोन घ्यायला जिन्यात जावं लागतं, पण आजूबाजूला पोरं एमपीएससीसाठी मान खाली घालून बसलेली असताना थीम बदलत बसायची लाज वाटते. शिवाय तिथे गॅसवाला येत नाही.

गोदाकाठ
अभ्यासिकेचं ठीक आहे, पण खरं दुखणं त्या 'नव्वद टक्क्यां'त आहे. त्या कामांत तुम्ही करण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. कोड झालेला असतो. राहिलेला असतो डॉक्टरांचा फोटो, 'आमच्याविषयी'चा मजकूर, ऑनलाइन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेचं केवायसी (ओळखीची कागदपत्रं) आणि शेवटचा हप्ता. सगळं दुसऱ्याच्या हातात. याला आळस म्हणू नका, वाट बघूनही माणूस दमतो.

मी मजकुराची वाट बघणं सोडून दिलं. आता तो मीच लिहिते आणि त्याचे वेगळे पैसे लावते. गिऱ्हाइकाकडे जाऊन तासभर बसायचं, फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवायचं आणि गप्पा मारायच्या. येवल्याच्या एका पैठणीवाल्यांचा मजकूर दिवाळीपासून येत होता, येतच होता. आला तोही 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय'. शेवटी गेले. मागाशेजारी उभं राहिल्यावर हेच गृहस्थ पदर उलटा करून दाखवायला लागले: "हे बघा मॅडम, हातमागाची असली की मागूनही नक्षी तशीच दिसते, धागे लोंबत नाहीत. हात फिरवून बघा." साइटच्या पहिल्या पानावर तेच वाक्य आणि दोन्ही बाजूंचे फोटो टाकले. परतीच्या बसमध्येच मला ती साइट संपवायची घाई झाली होती. माझा हुरूप बहुतेक वेळा असाच कुठूनतरी बाहेरून येतो.

तुमच्या सतारमेकर गल्लीत तर याहून सोनं पडलंय. भोपळा कुठून येतो, किती वाळवावा लागतो, जवारी (घोडी घासून आणलेला सुराचा झणकार) कशी काढतात, एवढंच विचारा. परदेशात बसून तानपुरा मागवणाऱ्याला हेच हवं असतं.

पैशांचं: मी 40-30-30 टक्क्यांचे तीन हप्ते ठेवते. शेवटचे 30 'साइट लाइव्ह झाल्यावर' असं कधीही लिहू नका. डेमो दाखवल्यापासून 15 दिवसांत, फोटो येवोत न येवोत. आणि डोमेन (साइटचं नाव) व होस्टिंग (सर्व्हरवरची जागा) यांचं रिन्युअल, अपडेट, बॅकअप मिळून वर्षाचं एएमसी, म्हणजे देखभालीचं कंत्राट घ्या, सगळ्यांचं एकाच महिन्यात येऊ देऊ नका. दर महिन्याला थोडं का होईना येणार हे माहीत असलं की सकाळी उठल्या उठल्या बँकेचं अ‍ॅप उघडायची सवय सुटते.

तानपुरा
ताई, पटलं. पण डॉक्टर वडिलांचे मित्र, बेदाणेवाले मामांच्या ओळखीतले. लहानपणापासून ज्यांना काका म्हणतोय त्यांच्याकडे अ‍ॅडव्हान्स कोणत्या तोंडाने मागू? "अरे, पैसे कुठे पळून चाललेत का?" म्हणतात.

जमाखर्च
मी सीए आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केलीत का? फुकट आहे, आधार-पॅनवर ऑनलाइन होते, एजंटला पैसे देऊ नका. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत तुमचे पैसे द्यावे लागतात. पुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. काकांना यातलं काही ऐकवू नका, फक्त बिलावर उद्यम क्रमांक छापा. आर्थिक वर्ष 2023-24 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं या मुदतीत भरली नाहीत, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत गिऱ्हाइकाला आयकरात त्या खर्चाची वजावट मिळत नाही. त्यामुळे रीतसर वह्या ठेवणारे काका असतील तर मार्चमध्ये त्यांचे सीएच त्यांच्या मागे लागतात. तुम्ही वाईट होत नाही.

गोदाकाठ
आणि तोंडी काहीच ठरवू नका. पीडीएफ कोटेशन, त्यात अ‍ॅडव्हान्सची रक्कम, खाली यूपीआयचा क्यूआर. फोन आलाच तर "काका, डोमेन-होस्टिंगचे पैसे आधी भरावे लागतात," जे खरंच आहे. तरीही दिला नाही तर चहा प्यायचा, नमस्कार करायचा आणि काम सुरू करायचं नाही. ओळखीतलं एखादं काम जाईल. जाऊ दे.

एक राहिलं. दर सोमवारी मी नगरच्या एका मुलीला फोन करते, तीही एकटीच काम करते. या आठवड्यात काय संपवणार ते एकमेकींना सांगतो. तिला माझी गिऱ्हाइकं माहीत नाहीत, त्यामुळे 'त्यांच्याकडे लग्न आहे' वगैरे बहाणे तिच्यापुढे खपत नाहीत. घरच्यांपुढे खपतात.

तानपुरा
उद्या गल्लीत जाऊन बसतो. सोमवारच्या फोनसाठी कोल्हापूर-सांगलीकडचं कोणी असेल तर निरोप टाका. जमाखर्च, उद्यमचा फॉर्म उघडलाय, एनआयसी कोड (व्यवसायाच्या प्रकाराचा क्रमांक) कोणता टाकू?

जमाखर्च
62012, वेब-पेज डिझायनिंग. होस्टिंग विकत असाल तर त्याचाही जोडा, एकाहून जास्त चालतात.